सात किलोंची शहाणी बॅग

बालमित्रांनो, आज आधी एक कोडे घाला पाहू आपल्या घरच्यांना :

पोट भरते, पण जेवत नाही,
चाके आहेत, पण गाडी नाही,
सात किलोंच्या वर गेले,
तर विमानात मला घेत नाही!

ओळखले ना? बरोबर, बॅग! तीही साधीसुधी नाही, विमानात आपल्यासोबत हातात न्यायची बॅग. आजची गोष्ट तिचीच आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "बाई, आम्ही कुठले विमानात बसायला? आमची आपली एस.टी. बरी." असे म्हणू नका हं! आपल्या नांदेडचेच बघा. शीखांचे दहावे गुरू गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला होते. इथेच त्यांनी गुरुग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या घटनेला २००८ साली तीनशे वर्षे झाली, तेव्हा इथल्या विमानतळाचे रूप पालटले. आज तो श्री गुरू गोविंदसिंगजी यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतील देशातली पहिली विमाने निघाली. त्यात एक मार्ग होता आपला नांदेड-हैदराबाद! त्या योजनेत विमानातल्या निम्म्या जागांसाठी तासाभराच्या प्रवासाचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास ठेवले होते. नंतर विमान कंपन्या बदलल्या, मार्गही बदलले. म्हणून निघण्याआधी चौकशी करावी लागते. पण विमान आता फक्त गोष्टीच्या पुस्तकातले राहिले नाही, एवढे खरे.

चाळीस कुठे आणि सात कुठे!

आपण मराठवाड्यातली माणसे गावाला निघालो म्हणजे काय थाट असतो! एक मोठी बॅग, एक छोटी बॅग, पाण्याचा कॅन, शिदोरीची पिशवी, आणि शिवाय आजीचे ते गाठोडे. त्यात काय आहे हे आजीलाच ठाऊक. रेल्वे हे सगळे पोटात घेते. स्लीपरच्या डब्यात एका तिकिटावर ४० किलोपर्यंत सामान फुकट नेता येते. पनवेलच्या गाडीत बाकाखाली ढकलले की झाले काम.

विमानाचे तसे नाही. आपल्या देशातल्या बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर हातातल्या बॅगेला ७ किलोंची मर्यादा घालतात. बॅगेचे मापही ठरलेले असते. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज साधारण ११५ सेंटिमीटरच्या आत हवी. म्हणजे ५५ अधिक ४० अधिक २०. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजता येईल असे सोपे गणित आहे.

याहून मोठे सामान विमानाच्या पोटात ठेवायला वेगळे द्यावे लागते. त्यासाठी आधी रांग, आणि उतरल्यावर फिरत्या पट्ट्यापाशी "आपली बॅग आली का?" म्हणून वाट बघणे. वजन जास्त झाले तर वर पैसे. ज्याच्याजवळ फक्त सात किलोंची बॅग, तो उतरला की सरळ बाहेर!

विमानाला ओझे का नको?

एका मुलाने मला विचारले, "बाई, एवढं मोठं विमान. त्याला दोन किलोनं काय होतंय?" प्रश्न चांगला आहे. चला, गणित करू.

छोट्या गावांना येणाऱ्या पंख्याच्या विमानात साधारण ७० प्रवासी बसतात. प्रत्येकाने ७ किलो आणले तर ७० गुणिले ७, म्हणजे ४९० किलो झाले. आता प्रत्येकाने "फक्त तीनच किलो जास्त" आणले तर? आणखी २१० किलो! म्हणजे तीन मोठी माणसे तिकीट न काढता येऊन बसल्यासारखेच झाले की!

विमान हवेत राहते ते पंखांमुळे. पंखांवरून हवा वेगाने वाहते आणि विमानाला वर उचलते. विमान जितके जड, तितका वर उचलणारा जोर जास्त हवा. तो जोर वाढवला की हवेचा अडथळाही वाढतो, आणि मग इंधन जास्त जळते. त्यातही एक गंमत आहे. आपल्याकडे मे महिन्यात ऊन कसे तापते! हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना जोर कमी मिळतो. मग विमानाला धावपट्टीवर जास्त लांब धावावे लागते, नाहीतर वजन कमी करावे लागते. म्हणजे बघा, आपल्या उन्हाळ्याचा आणि आपल्या बॅगेचा असा संबंध आहे.

विमानांच्या सुरुवातीच्या काळात तर ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाचे छोटे 'पुस मॉथ' विमान स्वतः चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणले. आपल्या देशातल्या विमान कंपनीची ती सुरुवात होती. त्या विमानात कोण प्रवासी होते? कोणीच नाही! होती फक्त टपालाची पिशवी, सुमारे २५ किलो वजनाची. आणि अहमदाबादला विमानात घालायचे पेट्रोल कशातून आले माहीत आहे? बैलगाडीतून!

आमच्या वर्गातली यादी

मागच्या आठवड्यात मी चौथीच्या वर्गाला एक काम दिले. "समजा, आपण तीन दिवसांसाठी विमानाने हैदराबादला चाललो आहोत. चारमिनार बघायचा, सालारजंग संग्रहालय बघायचे, बिर्ला तारांगणात तारे बघायचे. बॅग एकच, सात किलोंची. काय काय घ्याल? लिहा."

अरे बापरे! याद्या संपता संपेनात. चार ड्रेस, दोन स्वेटर, भोवरा, पत्ते, उशी! एकाने तर सायकलची हवा भरायचा पंप लिहिला. का, तर "असू द्यावा."

मग मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले.

१) हे लागेलच का?
२) हे तिथे मिळेल का?
३) ही एकच वस्तू दोन कामे करील का?

आणि सांगितले, या तिन्ही प्रश्नांत जी वस्तू नापास होईल तिच्यावर काट मारा.

एक मुलगा काही बॅट सोडायला तयार नव्हता. "बाई, बॅट तर लागतीच की!"

"कोणाशी खेळणार?"

"मामाचं पोरगं हाय की तिथं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग त्याच्याकडं बॅट असंलच की!" सगळा वर्ग हसला, आणि बॅटवर काट बसली. तशी ती बसायलाच हवी होती, कारण क्रिकेटची बॅट विमानात हातातल्या सामानात चालतच नाही.

एका मुलीची यादी मात्र वेगळी होती. इतरांच्या यादीत पहिला नंबर नव्या कपड्यांचा. हिच्या यादीत पहिल्या ओळीत होते : 'भावाचा पंप'. सायकलचा नव्हे, दम्याचा. शेजारची म्हणाली, "पण तो तर भावाचा आहे. भावाच्या बॅगेत टाक ना! तुझं वजन का वाढवतीस?"

ती शांतपणे म्हणाली, "त्याला दम लागला की बॅग उघडायचं सुचत नाही. मीच उघडते."

वर्गात कोणी काही बोलले नाही. पंपाचे वजन किती असेल? खिशातल्या रुमालाएवढे. पण त्या यादीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू तीच होती. कमी सामान नेणे म्हणजे सगळेच टाकून मोकळे होणे नव्हे. नको ते काढले की हवे ते वर राहते आणि वेळेला हाताशी येते.

एका छोट्या प्लगची गोष्ट

अशीच एक गोष्ट १९३० साली परदेशात घडली. त्यातही जे. आर. डी. टाटा आहेत. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने विमान चालवणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. टाटा तेव्हा पंचवीस वर्षांचे. ते कराचीहून इंग्लंडकडे निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीकडे निघाला.

वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून बसला होता. त्याच्या विमानाचा स्पार्क प्लग बिघडला होता. स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा बोटभर भाग. तो नसेल तर विमान म्हणजे नुसता सांगाडा. टाटांजवळ जास्तीचे प्लग होते. स्पर्धेतला प्रतिस्पर्धी अडकला आहे. आपण गप्प बसलो तर बक्षीस आपलेच! तुम्ही काय केले असते?

टाटांनी त्याला प्लग दिला. अस्पी उडाला, काही तास आधी पोहोचला आणि स्पर्धा जिंकला. पुढे हाच मुलगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

छोट्या विमानात जागा ती केवढी! तरी त्यात जास्तीच्या प्लगला जागा ठेवली होती, आणि तोच दुसऱ्याच्या कामी आला.

काय चालत नाही?

आता थोडे नियम बघू. नियमामागचे कारण कळले की तो आपोआप लक्षात राहतो.

चाकू, ब्लेड, टोकदार हत्यारे आणि काड्यापेटी हातातल्या बॅगेत चालत नाहीत. कारण उघड आहे. मात्र शीख बांधवांचे कृपाण हे त्यांच्या श्रद्धेचे चिन्ह आहे. म्हणून देशातल्या देशात उडणाऱ्या विमानात त्यांना ते जवळ ठेवता येते. पण पाते ६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी ९ इंचांपेक्षा जास्त नको. आपल्या नांदेडच्या मुलांना हा नियम माहीत असायलाच हवा.

मिरचीपूड आणि मिरचीचे लोणचे हातातल्या बॅगेत नेता येत नाही. कोणाच्या डोळ्यांत गेले तर? धपाटे, दशम्या आणि चिवडा मात्र खुशाल न्या.

आता आजीला सांगायची गोष्ट. ओटीत आलेल्या सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानात न्यायच्या नाहीत. आजी म्हणेल, "अगं बाई, खोबऱ्यानं काय बिघडतंय?" तर खोबऱ्यात तेल भरपूर असते. ते आतल्या आत तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते धोक्याच्या मालात मोजतात. बरणीत निरुपद्रवी दिसणारे खोबरे असे आहे बघा!

मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक नेमकी उलटी. ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. तिच्यातली बॅटरी कधी तापून पेटली, तर माणसांसमोर असेल तेव्हाच विझवता येईल. तिची मर्यादा १०० वॅट-तास आहे. मोठ्या मुलांनी हिशेब करून बघा : २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास. त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४. म्हणजे चालेल.

परदेशी जाताना आणखी एक नियम लागतो. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनला विमाने उडवून देण्याचा एक कट पोलिसांनी उघडकीस आणला. पातळ पदार्थांतून स्फोटके नेण्याचा तो बेत होता. तेव्हापासून बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवासात तेल, शाम्पू, पेस्ट यांची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरच्या आतलीच हवी, आणि त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसायला हव्यात. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणी झाल्यावर आत भरून घ्यावी, हे कुठेही सोयीचे.

चला, बॅग भरू या

तीन दिवसांसाठी एका मुलाची किंवा मुलीची बॅग अशी भरता येईल. वजने अंदाजाची आहेत, तुम्ही आपली मोजून बघा.

रिकामी सॅक – ८०० ग्रॅम
कपड्यांचे तीन जोड – १ किलो ३५० ग्रॅम
रात्रीचे कपडे – ३५० ग्रॅम
आतले कपडे, मोजे – ३०० ग्रॅम
पंचा – १५० ग्रॅम
ब्रश, पेस्ट, साबण, कंगवा – ३०० ग्रॅम
औषधे, ओळखपत्र, कागद – २५० ग्रॅम
गोष्टीचे पुस्तक, वही, पेन – ४०० ग्रॅम
खाऊ – ७५० ग्रॅम
रिकामी बाटली – १५० ग्रॅम

बेरीज करा पाहू. ४ किलो ८०० ग्रॅम! म्हणजे २ किलो २०० ग्रॅम अजून शिल्लक. "मग उशी घेऊ का?" नको! ती जागा मुद्दाम मोकळी ठेवायची. येताना मामी काहीतरी देईलच. ते कुठे ठेवणार?

काही युक्त्याही सांगते. चाकांची टणक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची भरते, म्हणून मुलांना शाळेची सॅक बरी. जाड टॉवेलापेक्षा पंचा हलका, आणि वाळतोही लवकर. जीनची पँट जड असते, ती अंगात घालून निघावे. बूट पायात आणि स्वेटर अंगावर घातला की बॅग आपोआप हलकी होते. कपड्यांच्या घड्या न घालता घट्ट गुंडाळ्या केल्या तर जागा कमी लागते. एक कपडा रात्री पिळून टाकला की सकाळी वाळतो. औषधे आणि ओळखपत्र नेहमी सगळ्यांत वर.

हे सगळे काही विमानाबरोबर जन्माला आले नाही, बरं का! आपले वारकरी बघा. पंढरपूरला पायी निघतात. खांद्याला एक पडशी, तिच्यात धोतर किंवा लुगडे, तांब्या, छोटीशी पोथी. जो स्वतः चालतो, त्याला ओझ्याची किंमत बरोबर कळते.

आई-बाबांसाठी

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी. सहलीला निघालेल्या घरांकडे बसस्टँडवर जरा लक्ष देऊन बघा. मुले मोकळी पुढे पळतात, आणि आईच्या दोन्ही हातांत बॅगा असतात. बॅग भरते आई, उचलते आई, आणि काही राहिले तर बोलणी खाते तीही आईच. मुलांना आपली बॅग आपण भरू द्या, आणि उचलूही द्या. पहिल्यांदा मोजे राहतील, कंगवा राहील. राहू द्या. एक दिवस दुसऱ्याच्या कंगव्याने भांग पाडला तर काही बिघडत नाही. पण "काय लागेल?" याचा विचार मूल स्वतः करायला शिकते, आणि ते शिकणे पुढे जन्मभर उपयोगी पडते.

आणखी एक. विमान महिन्या-वर्षातून कधीतरी, काहींसाठी अजून एकदाही नाही. दप्तर मात्र रोजचे आहे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरला होता. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे असा निर्णय काढला. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तेच सांगितले आहे. विमान कंपनी मोठ्या माणसाच्या हातात सात किलोंच्या वर सामान देऊ इच्छीत नाही. आपण मात्र २८ किलोंच्या लेकराच्या पाठीवर पाच-सहा किलो चढवतो! त्याच्यासाठी योग्य वजन आहे २ किलो ८०० ग्रॅम. वेळापत्रक बघून दप्तर भरायची सवय लावा. शाळेत पुस्तके ठेवायची सोय होते का, ते आम्हा शिक्षकांना विचारा. आम्हालाही विचारणारे पालक हवेच असतात.

हे करून बघा

१) आधी स्वतःचे वजन करा, मग दप्तराचे. घरात काटा नसेल तर किराणा दुकानदारकाकांना विनंती करा. दप्तर दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरले, तर आतली एकेक वस्तू बाहेर काढून तीन प्रश्न विचारा.

२) दप्तराची लांबी, रुंदी, उंची मोजून बेरीज करा. तुमचे दप्तर विमानात बसेल का?

३) येत्या सुट्टीत मामाच्या किंवा आत्याच्या गावाला जाताना आपली बॅग आपणच भरा. पण सगळ्यांत आधी यादीत अशी एक वस्तू लिहा, जी तुमच्यासाठी नाही, बरोबरच्या कोणाच्या तरी उपयोगाची आहे. आजीचा चष्मा असेल, बाबांची गोळी असेल. ती कोणती, हे आम्हाला पत्राने जरूर कळवा.

हलकी बॅग घ्या आणि मजेत फिरून या!

– तुमच्या बाई